ईमच्या नोंदवहीतली माणसं

गुरुवार

माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे गेली. नाव, वय, पत्ता, मृत्यूचं कारण, खबर देणाऱ्याची सही. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही दोघं शेफिल्डला भाच्याकडे गेलो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्हाला राजवाडे दाखवण्यात काही अर्थ नाही. मी तुम्हाला एक रजिस्टर दाखवतो." बायकोनं कपाळाला हात लावला. "तिकडे काय कमी बघितली होती?"

शेफिल्डहून मँचेस्टरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसलो. थोड्याच वेळात बोगदा लागला आणि संपता संपेना. खंडाळ्याचे बोगदे अंगवळणी पडलेले आपण, पण हा टॉटलीचा एकच बोगदा साडेपाच किलोमीटरच्या वर आहे. १८९३ साली त्यातून पहिल्यांदा गाड्या धावल्या. बाहेर पडलं की लगेच ग्रिंडलफर्ड स्टेशन. तिथून टॅक्सी. ड्रायव्हरला मी कागदावरचं नाव वाचून दाखवलं, 'एयाम'. तो आरशातून हसला. "ईम." एवढ्या अक्षरांत एवढाच उच्चार! गावात शिरेपर्यंत मी तोंडातल्या तोंडात घोकत होतो.

ईम डर्बीशर परगण्यात आहे, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात. करड्या दगडाची घरं, मेंढ्यांची कुरणं, पावसाळी आभाळ. एकेकाळी इथे शिशाच्या खाणी होत्या. आज हे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी आहे ते १६६५ च्या प्लेगमुळे. चर्चला लागूनच घरांची एक ओळ आहे आणि प्रत्येक घरापुढे हिरवी पाटी. आपल्याकडे पाटीवर घरमालकाचं नाव असतं, इथे त्या घरातून गेलेल्यांची.

पहिल्याच घराच्या पाटीपुढे मी थबकलो. मेरी हॅडफिल्ड, आधीच्या नवऱ्याकडून कूपर. घरात तिची दोन मुलं, दुसरा नवरा अलेक्झांडर आणि कामाला ठेवलेला जॉर्ज विकर्स. अलेक्झांडर शिंपी होता. लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो ओलसर होता, म्हणून विकर्सनं तो शेकोटीपुढे वाळत घातला आणि कापडातल्या पिसवा जाग्या झाल्या, अशी कथा. ७ सप्टेंबर १६६५ ला विकर्स गेला. २२ सप्टेंबरला चार वर्षांचा एडवर्ड. २ ऑक्टोबरला बारा वर्षांचा जॉनथन. पुढच्या ऑगस्टच्या ३ तारखेला अलेक्झांडर. मेरी एकटी उरली. शेवटची ओळ अशी की तिचे एकूण तेरा नातलग गेले.

शेजारच्या घरात थॉर्प कुटुंब. नऊ माणसं, नऊही गेली. इथे खबर द्यायला कोण आलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला. धंद्याची खोड.

पिसवांचं त्या लोकांना काहीच ठाऊक नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. उंदीर, पिसू आणि प्लेग यांची साखळी पॉल-लुई सायमंड या फ्रेंच डॉक्टरांनी जुळवून दाखवली ती १८९८ मध्ये, आणि तीही कराचीत. आमच्या आजीच्या पिढीला मात्र शास्त्र कळायच्या आधीच एक गोष्ट कळली होती. "उंदीर पडायला लागले" असं कुणी म्हटलं की गाव उठायचं. भांडीकुंडी, म्हाताऱ्या, गुरं, सगळं घेऊन रानात झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिकडेच राहायचं. आजीची थोरली बहीण अशाच झोपडीत जन्मली. 'प्लेगातली' म्हणूनच तिला ओळखायचे.

आपल्याकडे गाव बाहेर पडायचं आणि ईमनं स्वतःला आत कोंडून घेतलं. हा फरक पुढचे तीन दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

शुक्रवार

सकाळी चर्च. सेंट लॉरेन्सच्या नावाचं, बसकं, दगडी, पाचूंद्याच्या गंजीसारखं जमिनीला धरून बसलेलं. फाटकातून झाडांच्या दुतर्फा रांगेतून वाट आत जाते. आवारात शिरताच अँग्लो-सॅक्सन काळातला एक क्रूस दिसतो, हजार वर्षांहून जुना, सगळ्या अंगावर वेलबुट्टी. त्याच्या खांबाचा मधला तुकडा गेला आहे, त्यामुळे तो मान आखडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. दक्षिणेच्या भिंतीवर १७७५ ची सूर्यघडी आहे. तिच्यावर दूरदेशीच्या शहरांची नावं कोरलेली आहेत, इथे ऊन पडलं की तिथे किती वाजले असतील ते कळावं म्हणून. डोंगरातल्या खाणकामगारांना जगाच्या वेळेशी काय करायचं होतं कोण जाणे, पण मला ती फार आवडली.

आत थंडगार. कमानींच्या वर भिंतीवर जुनी चित्रं आहेत, इस्रायलच्या बारा वंशांची चिन्हं. चुन्याखाली ती शेकडो वर्षं झाकलेली होती. एक खुर्ची आहे, तिच्यावर १६६५ कोरलेलं. ती तेव्हाचे रेक्टर, म्हणजे गावचे धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन यांची म्हणतात. आणि काचेच्या पेटीत रजिस्टर.

मी चष्मा बदलला. बायको शेजारच्या बाकावर बसली, तिला अंदाज होता.

इंग्लंडात प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी, हा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या राज्यातला. म्हणजे आपल्याकडे सरकारी नोंदणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी इथल्या चर्चमध्ये हे काम चालू होतं. शेतकरी असो की खाणवाला, तीन वेळा त्याचं नाव या वहीत यायचं, मग भले त्यानं आयुष्यात दुसरा कागद पाहिलेला नसो. लहान गावातल्या चर्चचा इतिहास म्हणजे खरं तर ही वही. दगडी भिंती नंतर.

ईमच्या यादीत ७६ कुटुंबांतली २६० नावं आहेत. चौदा महिने. हारीनं लिहिलेली नावं वाचताना आडनावं परतपरत येतात. सिडॉल. थॉर्प. टॅलबट. हॅनकॉक. ऑक्टोबर १६६५ मध्ये भराभर, हिवाळ्यात थोडी, मे महिन्यात बोटांवर मोजण्याइतकी. लोकांना वाटलं असणार, संपलं. मग जून. जुलैत पन्नासच्या वर. ऑगस्टमध्ये पंचाहत्तरच्याही वर. वही लिहिणाऱ्याचा हात असा महिना ओळखतो. आमच्या खिडकीवरही एक उन्हाळा असा आला होता. त्या वेळी मी रकाने भरताना वर बघणंच सोडलं होतं.

पण समोरचं अक्षर बघून मला शंका आली. फार एकसारखं होतं. माणसं पटापट मरत असताना लिहिलेल्या वहीत शाई बदलते, ओळी तिरप्या जातात, खाडाखोड होते. इथे सगळं सरळ. चर्चमध्ये बसणाऱ्या स्वयंसेवक बाईंना विचारलं तर त्या खूश झाल्या. ही अस्सल वही नव्हेच, ही नक्कल. पुढे रेक्टर झालेल्या जोसेफ हंट यांच्या काळात उतरवलेली.

आणि हे हंट म्हणजे एक नमुनाच. १६८३ ला ते ईमला आले. गावातल्या माइनर्स आर्म्स या खानावळीत एका रात्री पिण्याच्या भरात खानावळवाल्याच्या मुलीशी, अ‍ॅनशी, लुटुपुटूचं लग्न लावून घेतलं. कुणीतरी प्रार्थनापुस्तक उघडून सगळे विधी म्हटले. ते बिशपच्या कानावर गेलं. बिशप म्हणाले, चेष्टेत का होईना, विधी झाले. आता खरं लग्न करा. हंटनी केलं. पण त्यांची सोयरीक आधीच डर्बीच्या एका बाईशी ठरलेली होती, तिनं दावा लावला. कोर्टकज्जात कर्ज झालं, वसुलीची माणसं मागे लागली, तेव्हा हा गृहस्थ चर्चला जोडलेल्या खोलीत राहायला आला. तिथे त्याला पकडता येत नव्हतं. बायकोमुलांसह तिथेच संसार. १७०९ मध्ये वारले ते याच गावात.

ती खोली मी बघून आलो. चार पावलांत संपते. चर्चबाहेर पाऊल टाकायची चोरी असलेल्या माणसाच्या अमदानीत, गावात कोंडून घेतलेल्या माणसांची ही यादी पुन्हा लिहिली गेली. 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शिक्का मी हजारो वेळा मारला आहे. या नकलेवर मारायला मला मनापासून आवडलं असतं.

कारण ती नसती तर बाकी सगळ्या दंतकथाच राहिल्या असत्या. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी याच नोंदींवरून गणित मांडलं: कोण कुणाच्या घरात, कुणानंतर किती दिवसांनी गेलं. त्यांचा निष्कर्ष असा की चारांतल्या साधारण तीन जणांना लागण दुसऱ्या माणसाकडून झाली, उंदरांवरच्या पिसवांकडून थेट झाली ती उरलेल्यांना. कापडाच्या गठ्ठ्यानं सुरुवात केली असेल, पण पुढचं काम घरच्यांच्या सेवाशुश्रूषेनं केलं.

आता गावानं स्वतःला कोंडून घेतलं त्या निर्णयाकडे येतो. १६६६ च्या जूनमध्ये मॉम्पेसन अठ्ठावीस वर्षांचे होते आणि गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. गावाला ते नको होते. गावाचा जीव आधीच्या धर्मगुरूंवर, टॉमस स्टॅन्लींवर. १६६२ मध्ये नव्या कायद्यानं ठरवून दिलेलं प्रार्थनापुस्तक मान्य केलं नाही म्हणून स्टॅन्लींची जागा गेली होती, पण ते गावातच राहत होते. बदलून आलेला तरुण साहेब आणि खुर्ची गेलेला, तरी लोक ज्याचं ऐकतात असा जुना साहेब. कुठल्याही कचेरीत ही जोडी एकमेकांकडे बघत नाही. हे दोघं एकत्र बसले. तीन गोष्टी ठरल्या. ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्याच शेतात, परसात पुरायचं. प्रार्थना चर्चमध्ये नाही, उघड्यावर व्हायची. आणि गावाच्या हद्दीबाहेर कुणी जायचं नाही. जवळच्या चॅट्सवर्थच्या जहागीरदारांनी, अर्ल ऑफ डेव्हनशरनी, धान्य आणि औषधं हद्दीवर पोचवण्याचं कबूल केलं.

सगळे थांबले, असं मात्र नाही. ब्रॅडशॉ हे गावातलं श्रीमंत घराणं आधीच निघून गेलं होतं. मॉम्पेसननी स्वतःची दोन मुलं, जॉर्ज आणि एलिझाबेथ, यॉर्कशरला पाठवून दिली होती. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. माझी मुलं असती तर मीही पाठवली असती. पण ज्याच्याकडे जायला जागा होती तो गेला आणि उरलेल्यांच्या थांबण्याला पुढे त्याग म्हटलं गेलं, हे वही वाचताना जाणवतं.

मॉम्पेसनची बायको कॅथरिन गाव सोडून गेली नाही. ती २५ ऑगस्ट १६६६ ला वारली, वय २७. तिची कबर क्रूसाजवळ आहे, पेटीसारखी. एका टोकाला पंख असलेली वाळूची घडी कोरली आहे आणि खाली लॅटिनमध्ये: सावध असा, घटका तुम्हाला ठाऊक नाही. कबरीपाशी उभं राहून बायको एवढंच म्हणाली, "सावित्रीबाई." मुंढव्याचं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणाऱ्या आणि १० मार्च १८९७ ला त्याच आजारानं गेलेल्या सावित्रीबाई. त्याच साली पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसून माणसं उचलत होते, आणि त्या संतापातून जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. ईममध्ये हुकूम सोजिरांचा नव्हता. लोकांनी ऐकलं ते त्यामुळे, की दोन धर्मगुरूंच्या शब्दाला तेवढं वजन होतं म्हणून, मला नीट उलगडत नाही. दोन्ही असावं.

निघताना भाच्यानं हाताला धरून एका कोपऱ्यात नेलं. "मामा, हे तुमच्यासाठी." हॅरी बॅगशॉ, डर्बीशरचा क्रिकेटपटू, मृत्यू १९२७. कबरीच्या दगडावर यष्ट्या, त्यांच्यावर आदळलेला चेंडू, उडालेल्या बेल्स. आणि वरच्या बाजूला पंचाचा हात, तर्जनी आकाशाकडे. दिवसभरात पहिल्यांदा मी मोठ्यानं हसलो.

शनिवार

सकाळी गावाच्या पूर्वेला रायलीच्या कबरी बघायला चालत गेलो. अर्ध्या तासाची चढण, बायकोच्या गुडघ्यांमुळे पाऊण तास. माळावर गोल दगडी कुंपण, आत हॅनकॉक कुटुंबाचे दगड. १६६६ च्या ऑगस्टमध्ये ३ ते १० तारखेच्या दरम्यान जॉन हॅनकॉक आणि सहा मुलं गेली. आई एलिझाबेथनं सातही जणांना एकटीनं पुरलं. मेलेल्याच्या पायाला फडकं बांधून ओढत न्यायची, म्हणजे अंगाला हात लागू नये. समोरच्या दरीपलीकडे स्टोनी मिडलटनच्या टेकडीवरून लोक तिला बघत होते, म्हणतात. मदतीला येणं शक्य नव्हतं. नंतर ती शेफिल्डला उरलेल्या एकुलत्या एका मुलाकडे निघून गेली.

कुंपणाच्या आत गवत छान कापलेलं आहे. आम्ही भाजी-पोळीच्या गुंडाळ्या आणल्या होत्या, पण आत बसून खायला कुणालाच नको वाटलं. बाहेर येऊन खाल्ल्या.

जिथे घरचं कुणी उरलं नाही तिथे मार्शल हाव नावाचा माणूस पुरायला यायचा. त्याला प्लेग होऊन गेला होता, आपल्याला आता पुन्हा होणार नाही असं तो धरून चालला होता. मेहनताना म्हणून मेलेल्याच्या घरातलं सामान न्यायचा. एकदा अन्विन नावाच्या माणसाला ओढत नेताना तो 'मेलेला' उठून बसला आणि त्यानं प्यायला गरम दूध मागितलं, अशी गोष्ट सांगतात. हावची बायको आणि मुलगा मात्र त्याच ऑगस्टमध्ये गेले. लुटलेल्या कपड्यांतून आलं असेल, असं त्यालाही वाटलं असेल. पुढे कित्येक वर्षं ईमच्या आया पोरांना भीती घालायच्या, झोप, नाहीतर मार्शल हाव येईल. आपला बागुलबुवा निनावी असतो. यांच्याकडे त्याचंही नाव वहीत आहे.

दुपारी हद्दीच्या दगडाकडे. गावातून स्टोनी मिडलटनला उतरणाऱ्या शेतवाटेवर एक मोठा धोंडा, त्यावर सहा खळगे. खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकायची, पलीकडच्यांनी ती घेऊन धान्य ठेवायचं. खळगे इतके गुळगुळीत झालेत की बोट आत सहज फिरतं. आताही त्यात चिल्लर होती, येणारे-जाणारे टाकतात. बायकोनं पर्स चाचपली आणि एक रुपया टाकला. "व्हिनेगर नाही," भाचा म्हणाला. "पाऊस आहे," ती म्हणाली.

गावाजवळच्या एका घळीतल्या ओढ्याशी एमट सिडॉल आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड टोर एकमेकांना लांबून बघायचे. बोलायचे नाहीत. एप्रिल १६६६ मध्ये एमटच्या विधवा आईनं दुसरं लग्न केलं आणि त्याच महिन्यात एमट गेली. रोलंड मात्र येतच राहिला; गाव खुलं झालं तेव्हा सगळ्यांत आधी शिरणाऱ्यांत तो होता, असं सांगतात. रोलंडची गोष्ट लोकांच्या तोंडची. एमट, तिचा बाप, तिची भावंडं मात्र यादीत आहेत.

खाली स्टोनी मिडलटनचं चर्च बघितलं. मनोरा पंधराव्या शतकातला. नवरा फ्रान्समधल्या अझँकूरच्या लढाईतून जिवंत परतला म्हणून जोन पॅडली हिनं नवसासारखा बांधलेला. पुढचा भाग जळाला, म्हणून १७५९ मध्ये नवा बांधला तो चक्क अष्टकोनी. छान आहे. पण पाय भरून आले होते, आणि भाच्यानं वेळापत्रकातला रविवारचा रकाना शनिवारचा म्हणून वाचल्यामुळे बस निघून गेली होती. चौतीस वर्षं रकाने बघितलेल्या माणसासमोर! मी काही बोललो नाही. तीच चढण परत चढलो.

रविवार

ऑगस्टचा शेवटचा रविवार इथे प्लेगचा रविवार म्हणून पाळतात. गावातून मिरवणूक निघून ककलेट डेल्फ या घळीत जाते. १६६६ च्या उन्हाळ्यात मॉम्पेसन इथे एका कातळकमानीखाली उभे राहून प्रार्थना म्हणायचे आणि कुटुंबं एकमेकांपासून अंतर राखून उतारावर बसायची. आज सगळे खेटून बसले होते, घडीच्या खुर्च्या, कुत्री, थर्मास. बँडनं सूर धरले. पाळकांचं बोलणं मला निम्मं कळलं. गाणं सुरू झालं तेव्हा घळीतून आवाज परत फिरून येत होता, तेवढं पुरेसं होतं.

शेवटची नोंद अ‍ॅब्रहम मॉर्टन, १ नोव्हेंबर १६६६. मॉम्पेसननी त्याच महिन्यात एका पत्रात लिहिलं की आमचं गाव म्हणजे गुलगुथा, कवट्यांची जागा झालं आहे. १६६९ मध्ये ते नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंगला बदलून गेले, तर तिथले लोक त्यांना गावात घ्यायला तयार होईनात. काही दिवस बाहेर पार्कात झोपडीत राहावं लागलं. शेवटी तेही झोपडीत, आमच्या आजीच्या माणसांसारखे. स्टॅन्ली ईममध्येच राहिले आणि १६७० मध्ये वारले.

परतताना गावातल्या विहिरींपाशी फुलांचे फलक लावलेले दिसले. दरवर्षी या दिवसांत करतात. लाकडी चौकटीत ओली माती थापायची, तिच्यावर चित्र आखायचं आणि पाकळ्या, शेवाळ, बिया दाबून बसवायच्या. बायको इतक्या जवळ गेली की नाक टेकेल. रांगोळी ही तिची जागा. चार दिवस ती माझ्या वह्यांमागून हिंडली होती. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना तिनं खुणांनी विचारलं, पाकळ्या एकीवर एक अशा का? त्या बाईंनी हाताचे पंजे कौलांसारखे एकावर एक ठेवून दाखवले. खालून वर लावत जायचं, म्हणजे पाणी आत मुरत नाही, वरून निथळतं.

"बघ," बायको मला म्हणाली, आणि तेवढ्यात पाऊस आलाच. छत्री उघडायचं सोडून आम्ही तिघं तिथे उभे राहिलो. थेंब वरच्या पाकळीवर पडत होता, खालच्या पाकळीवर घसरत होता, आणि मातीला न लागता चौकटीवरून खाली ठिबकत होता.